हवालदाराची गाठ

आमच्या गावात कुनाचं काय बी सुटलं की लोकांच्या तोंडात एकच. हवालदाराची गाठ. उसाच्या ट्रॉलीचा दोर निसटून मोळ्या रस्त्याव पडल्या, हवालदाराची गाठ. डेरीम्होरं कुनाची म्हस दावं सोडून पळाली, हवालदाराची गाठ. एकदा तर शाळंतल्या पोरीच्या येनीची रिबन सुटली, आनि तिची मैतरीन म्हनली, हवालदाराची गाठ गं तुजी. ती पोरगी दुसरी-तिसरीतली असंल. हवालदार कोन, ह्ये बी तिला ठावं नसंल.

मला ठावं हाय. हवालदार म्हंजे आमचं मालक, लालासाहेब. आनि मी त्येंची बायकू, मनुबाई. म्हायेर माझं वडूजकडचं, कोरडवाहू. पान्याचा थेंब जपून ठेवनारी मानसं आमी, आनि डूख बी तसाच जपून ठेवतो. म्हनून ही गोष्ट मी सांगते. मालक सांगनार न्हाईत. त्येंला चार वाक्यं बोलायला लावायची तर आदी दोन कप च्या पाजावा लागतो.

पलूसच्या अंगाला, कृष्णेकाठी आमचं गाव. उसाचं घर. चौघं भाऊ, त्यात ह्ये धाकटं. मिसरूड फुटतंय न फुटतंय तवर मिल्ट्रीत गेलं, पूल बांधायच्या पलटनीत. तिकडं पार वर, बर्फाच्या मुलखात, नदीवर दोर टाकायचा आनि दोरावनं मानसं पल्याड न्यायची. दोराची गाठ ह्येंची. मी एकदा सहज इच्यारलं, कवा एखादी सुटली का वो? तर माझ्याकडं असं बगितलं, जसं काय मी त्येंच्या आईला शिवी दिली.

अंकिता आमची झाली तवा सुट्टीवर आलं व्हतं. तुळईला पाळना बांधला. आता पोरीला घालावी का न्हाई पाळन्यात? तर न्हाई. आदी गव्हाचं पोतं घातलं आनि दुसऱ्या दिवसापतोर तसंच लोंबकळत ठिवलं. सासूबाई म्हनल्या, लाला, पोतं झोपलं का रं? मालकांनी गाठ बोटानं चाचपली, वाकून बगितली, मंग पोतं काडलं आनि पोरगी घातली. असलं ह्यो मानूस. अशा मानसाच्या नावानं गावानं म्हन पाडली, आनि ती बी सुटलेल्या गाठीची.

मासं धरायचा नाद बी त्येंनी तिकडनंच आनला. जाळ्यानं न्हाई, रिळाच्या काठीनं. हवालदार म्हनून पेन्शनीत आलं तसं ऊस, म्हस आनि नदी, येवडंच त्येंचं जग. मला पैल्यांदा ह्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मासं धरायचा नायलॉनचा दोरा असतो, त्येला तंगूस म्हनत्यात. पन मालक गळाजवळ ज्यो दोरा लावायचं त्यो येगळा, फ्लोरोकार्बन. आमी नुसतं फ्लोरो म्हनतो. पान्यात टाकला की दिसतच न्हाई, मासा डोळं फाडून बगंना का. गुन लय, पन खोडी बी लय. अंगानं कडक, वर गुळगुळीत. तंगुसाची गाठ त्येला दिली तर वरनं बसल्यागत वाटती, आनि ताण आला की सरकती. दुसरी खोड म्हंजे कोरडी गाठ हिसक्यानं आवळली की दोरा घासून तापतो, पांढरा पडतो आनि तितंच मरतो. आमच्याकडं तर समद्यांला हिसक्याची सवय. दावं असू दे न्हाई तर मोळी, पाय रोवायचा आनि हिसका मारायचा, जेवडा हिसका तेवडी गाठ पक्की. ह्या दोऱ्याला ते चालत न्हाई. त्येला थुकी लावायची, न्हाई तर पानी, आनि दमानं वडायचं. मालक ह्ये शिकवायचं तवा मला वाटायचं, ह्यो दोरा हाय का जावई?

आता वीरधवल. माझ्या चुलतदिराचं पोरगं. शिरवळला कारखान्यांला मानसं पुरवायचा ठेका घेतो. गाडी, गॉगल, गळ्यात साखळी. मासं धरायला त्येला मालकांनीच शिकिवलं. आईतवारी सकाळी यायचा, काका काका करायचा, माझ्या हातची भाकरी आनि ठेचा हानायचा. मुडदा बशिवला त्येचा, भाकरीची तरी याद ठेवायची व्हती.

साताऱ्याकडच्या एका धरनावर वर्साला मासं धरायची स्पर्धा असती. जोडीनं उतरायचं. मासा धरायचा, तोलायचा, फोटू काडायचा आनि परत पान्यात सोडायचा. पैल्या साली मालक आनि वीरधवल जोडीनं गेलं. दुपारपतोर काय लागलं न्हाई. मालक च्या प्याला तंबूकडं गेलं, काठी वीरधवलजवळ. परत येऊन बसलं, आनि थोड्या यळानं काठी वाकली. कटला लागला व्हता. येवडा मोटा की बाकीची मानसं आपापल्या काठ्या टाकून बगाय आली. मालकांनी त्येला खेळिवला, दमिवला, काठाला आनला. पांढरं पोट दिसलं. वीरधवलनं जाळी खाली घातली, आनि दोरा हलका झाला. गळासकट मासा गेला.

तितंच ऱ्हायलं असतं तर काय न्हवतं. मासं जात्यात. पन माइकवाल्यानं येऊन इच्यारलं, काय झालं, आनि ह्या भाड्यानं त्येच्या हातनं माइक घेतला.

"काय न्हाई," म्हनला, "काकांचं वय झालं. हवालदाराची गाठ सुटली."

लोक हसलं. कुनीतरी मोबाइलवर काडलं, आनि संध्याकाळच्या आत सातारा म्हनू नका, सांगली म्हनू नका, समद्यांच्या फोनवर आमचं मालक. हातात रिकामी काठी, तोंड उगडं, आनि मागनं त्यो आवाज. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. चार दिवसांत गावात म्हन पडली.

मालक घरी आलं, जेवलं न्हाईत. सकाळी मला हाक मारली आनि खिशातनं दोऱ्याचा तुकडा काडला. काठीवर ऱ्हायलेला त्यो शेंडा. द्राक्षाच्या येलीला कुरळ्या बाळ्या फुटत्यात बगा, तसा त्यो शेंडा कुरळा झालेला.

"मनू, ही माझी गाठ न्हाई," म्हनलं.

मंग हळूहळू सांगितलं. मालकांची गाठ सुटतच न्हाई. लय ताण आला तर दोरा तुटंल, आनि तुटलेला शेंडा सरळ ऱ्हाईल. शेंडा कुरळा व्हतो तवा गाठ सरकलेली असती, गाठीतनं घसटून आल्यानं त्येला पीळ पडतो. म्हंजे मालक च्या प्याला गेलं तवा वीरधवलनं गळ बदलला व्हता. मोटा मासा यावा म्हनून मोटा गळ लावला, वर तंगुसाची गाठ दिली, कोरडी, हिसका मारून. आनि मासा गेला तवा त्येला पक्कं ठावं व्हतं, कुनाची गाठ गेली ते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हनलं, जावा की मंग, धरा की त्येची गचांडी. मालकांनी फोन लावला. त्यो पलीकडनं म्हनला, काका, मला तर काय आटवत न्हाई, तुमीच बांदली असंल. मालकांनी फोन ठिवला. मी म्हनलं, गावाला दावा ह्यो दोरा. तर म्हनलं, कुरळा दोरा बगून कोन मानंल? म्हातारं बहानं सांगतंय म्हनत्याल. चोर सोडून संन्याशाला सुळी, आनि संन्याशानं वराडायचं बी न्हाई.

त्या दिवसापास्नं आमच्या घरात डूख राबायला लागला. मालकांचं नदीवर जायचं बंद झालं. पारावर बसायचं बंद झालं. दूध घालायला मी जायला लागले. आनि एक गोष्ट मला लय लागली. गाव येवडं म्हनाय लागलं की मालकांनी सोताच्या हातावर शक घेतला. मी बगितलं ना डोळ्यानं. परड्यात उभं ऱ्हाऊन दोनी हात म्होरं धरून बगत व्हतं, थरथरत्यात का. ज्या हातानं मानसं नदीपार नेली, ते हात असं बगताना बगितलं, तवा मी मनात म्हनलं, वीरधवल, लेका, तुज्या तोंडात माती पडल्याबिगर मी काय मरत न्हाई.

मंग एक दिस मालकांनी परड्यातल्या लिंबाच्या फांदीला बादली टांगली. फ्लोरोचा तुकडा फांदीला, खाली गळ, गळाला बादली. बादलीत तांब्या तांब्यानं पानी वतायचं आनि गाठ कवा दगा देती ते बगायचं. तंगुसाची नेहमीची गाठ, जिला क्लिंच म्हनत्यात, ती बारीक दोऱ्यावर बरी टिकली, जाड दोऱ्यावर अर्ध्या बादलीतच सरकली. आनि शेंडा कुरळा, हुबेहूब. दुसरी युनी म्हनून हाय, तिनं निम्म्याच्या वर बादली धरली. आनि मालकांची सोताची पालोमर. दोरा दुपदरी करायचा, गळाच्या डोळ्यातनं काडायचा, साधी सैल गाठ मारायची, मंग जो फासा ऱ्हातो त्यातनं आख्खा गळच बाहीर काडायचा. पानी लावायचं, दमानं वडायचं. दोन पदर एकमेकांव चडू द्यायचं न्हाईत, येवडीच मेख. ही गाठ भरल्या बादलीला हालली न्हाई. मालकांनी त्याच दोऱ्याची पालोमर कोरडी बांदून बी बगितली. ती बी निम्म्यातच गेली. पान्यात गाठीचं मरन न्हाई, कोरडेपनात हाय, म्हनलं. रोज नवा दोरा, नवी गाठ. पैल्यांदा हाताची परीक्षा व्हती. पुडं हातावरचा शक गेला, नुसता राग ऱ्हायला.

शेजारी चंदनावैनी ऱ्हात्यात. जैन. द्राक्षाची बाग हाय त्येंची, मी बांधनीला जाते. गळ दिसला की त्या तोंड फिरवून बसत्यात, पन मायाळू बाई. भादव्यात त्येंचं पर्व संपलं की घरोघर हात जोडून उत्तम क्षमा म्हनत फिरत्यात. वर्सभरात कळत-नकळत दुखिवलं असंल तर माफी मागायची आनि समोरच्यालाबी माफ करायचं. आमच्या दारात आल्या आनि मालकांला म्हनल्या, भावजी, त्या पोराला बी करून टाका की क्षमा.

मालक म्हनलं, "वैनी, तुमी माझं काय वाकडं केलं न्हाई, तरी मागाय आलासा. त्यानं केलं, आनि त्यो मागत न्हाई. न मागता कशी देऊ?"

वैनींनी हात जोडलं आनि म्होरल्या घराकडं गेल्या. मी मात्र आतनं खुश झाले. म्हनलं, विस्तू अजून हाय.

त्याच सुमाराला सांगलीहून नानासोचा फोन आला. नानासोचं मासं धरायच्या सामानाचं दुकान, मालकांचा जुना दोस्त. त्येला कुरळा शेंडा दाविला व्हता आनि त्येनं एका नजरंत वळिकलं व्हतं. म्हनला, हवालदार, गिऱ्हाइकांला फ्लोरोची गाठ जमत न्हाई. तयार गळ बांदून द्या, मी पुडीत घालून इकतो. मालकांची एकच अट, पुडीवर नाव टाकायचं न्हाई. मंग आमी दोगं सोप्यात बसून गळ बांदाय लागलो. माझी बोटं बागेत बांधनी करून तयार. मालक थुकी लावायचं, मी न्हाई लावायची, मी पान्याची वाटी जवळ घिऊन बसायची. पैल्या पैल्यांदा मी हिसका मारायची, सवयच ती. मालक गाठ कापून माझ्या हातात परत द्यायचं. लय राग यायचा मला.

थंडी पडली तसा नानासो सोता आला, आनि च्या पिता पिता हसाय लागला. म्हनला, हवालदार, तुमच्या पुड्यांचं सगळ्यात मोटं गिऱ्हाइक कोन, सांगू का? वीरधवल. सोताची गाठ बसंना म्हनून पुड्याच्या पुड्या न्हेतो. दोस्तांला सांगतो, जपानी गाठी हायत, बाहिरनं मागिवतो. गाठी कुनाच्या, ते नानासोनं त्येला सांगितलं न्हाई. गावभर आमच्या गाठीची टवाळी करायची आनि आमच्याच गाठीवर मासं काडायचं. आयत्या बिळावर नागोबा.

नानासो गेला तशी मी मालकांच्या म्होरं बसले. म्हनलं, देवानं गाठ घालून दिली. स्पर्धा आलीया, त्यो पुडी नेनारच. त्या पुडीत खोटी गाठ घाला. वरनं पालोमर, आतनं कोरडी. येवडा मोटा मासा लागू दे, माइक असू दे, मोबाइल असू द्यात, आनि सुटू दे मुडद्याची. मी तर बांदायला बसले बी. सांगते की, मला लाज न्हाई वाटली आनि आज बी वाटत न्हाई.

मालकांनी माझ्या हातातला गळ काडून घेतला.

"खोटी गाठ माझ्या हातनं गेली," म्हनलं, "की त्यो म्हनला ते खरं झालं."

मी म्हनलं, मंग काय, त्येची आरती करायची? तर मालक हसलं. वर्सात पैल्यांदा. म्हनलं, त्येला जिकू दे. नानासोनं त्येंला सांगितलं व्हतं, ह्या साली जिकनारा म्होरल्या मोट्या स्पर्धेला जानार, कर्नाटकात, कावेरीवर. देशभरातनं मानसं येत्यात. तितला नेम असा की तयार गळ चालत न्हाई. पंचांच्या म्होरं बसून सोताच्या हातानं गाठ बांदायची, आनि पंच ती वडून बगनार. तितं आमची पुडी खिशात घालून चालनार न्हवतं. मालक म्हनलं, मासा सुटला तर त्यो दोऱ्याला नावं ठिवंल आनि दुसऱ्या दिवशी इसरंल. ज्येला वर चडीवलंय त्येलाच उतरायला शिडी लागती.

मी तोंडाव पदर घिऊन हसले. बाई गं, चाळीस वर्सं मी ह्या मानसाला गरीब समजत व्हते.

मंग मालकांनी वीरधवलच्या पुडीतलं गळ बांदलं. तसलं गळ मी कवा बगितलं न्हवतं. दोरा उजेडात धरून कुटं चरा हाय का बगायचं, नखानं चाचपायचं, गाठ वडल्याव भिंगातनं बगायचं. पदर पदराला लागून, जसं काय साच्यातनं काडलंय. पोरीच्या लग्नाला मालकांनी येवडा जीव लावला न्हाई.

आनि एका दोस्ताच्या जोडीनं वीरधवल जिकला. कटल्यानं त्येला पान्यात गुडघाभर वडलं म्हनं, पन गाठ हालली न्हाई. माइकवर म्हनला, गाठ माझी हाय, सोताच्या हातची. आता जपान बी गेला, नुसता ह्योच. गावात फ्लेक्स लागलं. येशीवर एक, डेरीम्होरं एक, आमच्या घराम्होरल्या खांबाला मुद्दाम एक. हातात मासा धरून हसतोय, खाली लिवलंय, कावेरीच्या स्वारीला हार्दिक शुभेच्छा. त्या फ्लेक्सखालनं मी दूध घिऊन जायची. लोकांला वाटायचं हवालदारीन जळती. मी मनात म्हनायची, लाव बाबा, आनि दोन लाव.

थोड्या दिवसांनी त्येला नेम कळला. आदी त्यो नानासोकडं पळाला. म्हनला, ह्या गाठी ज्यो बांदतो त्येला गाठून द्या, शिकायचंय. नानासो म्हनला, लांब कशाला, तुमच्याच गावात ऱ्हातो त्यो. तुमचाच चुलता.

कुंभाराची सून कवातरी उकिरड्याव येतीयाच. आला. हातात कंदी पेढ्याचा बॉक्स, गॉगल खिशात. मी त्येला बस म्हनलं न्हाई, पानी दिलं न्हाई. पेढं घेतलं न्हाईत. उंबऱ्याच्या भाईर उभा ऱ्हायला आनि म्हनला, काका, चुकलं माझं. मला गाठ शिकवा. न्हाई तर माझी आब्रू जाती.

मालक म्हशीला पेंड घालत व्हतं. हात पुसलं, भाईर आलं. म्हनलं, शिकीवतो. बाजारादिवशी देवळाच्या माइकवर जाऊन काय झालं ते सांग, मंग ये.

त्येनं लय गयावया केली. म्हनला, काका, घरातल्या घरात मिटवू. हितं तुमच्या पाया पडतो. आनि वाकला बी.

मालक मागं सरकलं. "पाया नको पडू," म्हनलं. "तवा तू माइकवर बोललास. आता बी माइकवर बोल."

नाक दाबलं की तोंड उगडतं. बाजारादिवशी दुपारी देवळाचा कर्णा खरखरला. मी भाजीच्या पाट्या म्होरं उभी व्हते. त्येचा आवाज आला, आनि इकनाऱ्यांनी तागड्या खाली ठिवल्या. म्हनला, धरनावर जी गाठ सुटली ती लालाकाकांची न्हवती. त्यांचा गळ मी काडला आनि माझा बांदला. सुटली ती माझी गाठ. मी खोटं बोललो. जिकलो ती गाठ बी काकांचीच हाय, माझी न्हाई. येवडं बोलला आनि कर्णा बंद झाला. कांदा-लसून इकनारी बाई म्हनली, आगं बया, म्हंजे हवालदार बिचारं... मी भाजी तितंच टाकली आनि रानाकडं सुटले.

मालक देवळाकडं आलंच न्हवतं. उसाला पानी पाजत व्हतं. कर्ण्याचा आवाज रानापतोर जातो. मी गेले तवा खोरं आडवं पडलं व्हतं, पानी दंड फोडून दुसऱ्याच्या रानात चाललं व्हतं, आनि मालक बांधावर बसलं व्हतं. डोळं पुसत व्हतं, दोनी हातांनी. मी जवळ बसले. मला बी रडाय आलं. मंग मालक म्हनलं, पानी वाया चाललंय, आनि उटलं.

मला वाटलं, झालं आता. गाव तर निवळलं. लोक मुद्दाम दारावनं जाताना रामराम घालाय लागलं. चंदनावैनी म्हनल्या, भावजी, आता तर त्यानं मागितली. मालक म्हनलं, व्हय वैनी, मागितली. आनि दावं घिऊन म्हशीकडं गेलं.

दुसऱ्या दिवसापास्नं वीरधवल शिकायला यायला लागला. मालकांनी त्येला घरात न्हाई घेतलं, म्होरल्या कट्ट्यावर बशिवलं, रस्त्याच्या कडंला. सोता खुर्चीवर, त्यो खाली पोत्यावर. बादली परड्यातनं आनून कट्ट्याजवळच्या दुसऱ्या लिंबाला टांगली. येनारं-जानारं थांबून बगनार. डेरीला जानाऱ्या बाया किटल्या खाली ठिवून बगनार. बांदायची, वडायची, बादली लावायची. कोरडी वडली की सरकायची, हिसका मारला की पांढरी पडायची, आनि बादली खाली आदळून त्येची पँट भिजायची. लोक खिदळायचं. मालक हसायचं न्हाईत. नखं कापायच्या कटरानं गाठ कापायचं आनि नवा दोरा त्येच्या हातात द्यायचं. डोक्यावर त्येच्याच फ्लेक्सची सावली.

शिरवळचं काम सोडून येत व्हता बिचारा. बिचारा म्हनलं बगा, जीभ झडो माझी. पन त्येची बोटं खरंच फाटली व्हती. थुकी लावून लावून तोंड कोरडं पडायचं. आनि हळूहळू हिसका मारायचा सुटला. गाठ दमानं वडायला लागला, पदर एकमेकांव चडू द्यायचा न्हाई.

काल त्येचा शेवटचा दिस. उद्या मिरजेहून गाडी हाय त्येची. कट्ट्याभवती मानसं जमलेली. त्यानं दोरा दुपदरी केला, गळात घातला, सैल गाठ मारली, फाशातनं गळ काडला, थुकी लावली आनि वडली. अशी हळू की मी दारातनं बगत व्हते ती श्वास धरून. बादली लावली. पानी वतलं, वतलं, काठोकाठ भरली. फांदी वाकली, गाठ हालली न्हाई. कुनीतरी टाळी वाजिवली. त्यानं मालकांकडं बगितलं, बारक्या पोरासारखं, शाबास म्हनत्यात का.

मालकांनी वाकून गाठ बगितली. बोटानं चाचपली. मंग बादली उतरून खाली ठिवली, कटर घेतलं आनि गाठ कापली.

"पुन्यांदा," म्हनलं.

त्यानं मान खाली घातली आनि नवा दोरा घेतला. मालक च्या प्याला आत आलं, तशी मी हळूच म्हनलं, आवं, ती तर चांगली बसली व्हती की त्येची गाठ.

"ठावं हाय मला," मालक म्हनलं. "गेल्या आठवड्यापास्नं बसतीया."